डोळ्याचा हंडा

बाळंतिणींच्या खोलीबाहेर येरझारा घालतो तो बाप, असा माझा समज नोकरीची पहिली वीस वर्षं टिकला. मग हा आला. आमचा जव्हारचा दवाखाना एका ट्रस्टचा, लहानसा. बाळंतपणं आणि डोळे, एवढ्या दोनच गोष्टींचं दुकान. हा डोळ्यांचा डॉक्टर. पण कुणाचं सिझेरियन ठरलेलं असलं की सकाळपासून स्वारी व्हरांड्यात हजर. आतून बाळाचं रडणं ऐकू आलं की खरा बाप देवाला हात जोडायचा आणि हा दारातून मान घालून विचारायचा, "सिस्टर, वार आली का?"

खोडाळ्याच्या एका सासूने मला बाजूला घेतलं आणि दबक्या आवाजात विचारलं, "बाय, तो आपला पोर हाय बाहेर, तो ठीक. पन हा दुसरा कोन?"

मी म्हटलं, "तो डोळ्यांचा डॉक्टर आहे."

"मग डोले बघ म्हनावं. इकडं काय हाय त्याचां?"

तर इकडे त्याचं असं होतं. वारेच्या आतल्या बाजूला एक पातळ पदर असतो. कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ, आरपार दिसणारा. नऊ महिने बाळाला गुंडाळून असतो. चुन्याने किंवा तेजाबाने बुबुळ भाजलं की त्यावर हा पदर शिवतात. आग शमते, खालची जखम भरायला आडोसा मिळतो. आईच्या रक्ताच्या सगळ्या तपासण्या करायच्या, पदर सलाइनने आणि औषधाने धुवायचा, ग्लिसरीनमध्ये घालून डीप फ्रीजरमध्ये ठेवायचा. मोठ्या शहरांतून हे आता होतं. जव्हारला हे करायचं वेड फक्त याने घेतलं. मुंबईच्या एका मोठ्या रुग्णालयातल्या त्याच्या गुरूंनी आणि तिथल्या समितीने परवानगी दिली होती. दर दोन महिन्यांनी कागदांचं बाड घेऊन तो तिकडे हजेरी लावून यायचा.

आपल्याकडे पाड्यांवर वार घराजवळ पुरतात. ती अशी कुणाला देऊन टाकायची वस्तू नाही. याआधी कुणी मागितलीही नव्हती. हा मागायचा, आणि वर सांगायचा, "मी फक्त आतला पदर घेणार. बाकी तुमचं तुम्हाला परत." आणि खरंच नव्या मडक्यात घालून, वर स्वच्छ फडकं बांधून, स्वतः परत द्यायचा. एकदोनदा तर पुरायच्या वेळी पाड्यावर जाऊन उभा राहिला. मग काय, बाया वार द्यायला लागल्या. पुढे पुढे तर एखादी गरोदर बाई तपासणीला आली की आपणहून विचारायची, माझी लागंल का डोल्याला?

समोर मी त्याला डॉक्टर म्हणायची, अहो-जाहो करायची. वयाने तो माझ्यापेक्षा बारा वर्षांनी लहान, पण तो सर्जन आणि मी नेत्र सहायक. म्हणजे चष्म्याचे नंबर काढणारी, थेंब घालणारी, डोळा तपासून पुढे पाठवणारी. गावात माझं नाव फारसं कुणाला ठाऊक नाही. मी चष्म्याची बाई. इथे मात्र मी त्याला अरे-तुरे करणार आहे. तेवढा सूड मला घेऊ द्या.

कारण मला त्याचा हेवा वाटायचा. पहिल्या महिन्यापासून वाटायचा, आणि लपवण्यासारखं आता काही राहिलेलं नाही. मी जव्हारची. बाजारपेठेत वडिलांचं कापडाचं दुकान होतं. मलाही डॉक्टर व्हायचं होतं, मार्क थोडक्यात हुकले, आणि मी दोन वर्षांचा डिप्लोमा करून इथेच चिकटले. इथल्या बोलीतला शब्द न् शब्द मला कळतो. हा बाहेरून आला, धड चार वाक्यं त्याला नीट बोलता येत नव्हती, आणि सहा महिन्यांत लोक दवाखान्याला 'डाक्टराचा दवाखाना' म्हणायला लागले. वीस वर्षांत त्याला कुणी बाईचा दवाखाना म्हटलं नव्हतं.

बरं, माणूस दिसायला तरी रुबाबदार असावा! अंगावर चुरगळलेला शर्ट, पायांत रबरी चपला, आणि नाक असं की तो खोलीत यायच्या आधी नाक यायचं. खिशात पेन नसायचं. खिशात पिवळ्या कागदाच्या पट्ट्यांची डबी. डोळा धुतला की खालच्या पापणीत ही पट्टी टेकवायची. ती निळी झाली तर चुना अजून आत आहे, हिरवट राहिली तर डोळा निवळला. निवळलेल्या डोळ्याचा आकडा सात. हा सात त्याच्या डोक्यात इतका बसला होता की तो दिसेल त्यात पट्टी बुडवायचा. सिस्टरच्या चहात, नळाच्या पाण्यात, ताडीत, मी डब्यातून आणलेल्या कैरीच्या लोणच्यात. "बाई, तुमचं लोणचं तीन आहे," असं तो गंभीरपणे सांगायचा. कुणी पेशंट बरा होऊन आला की कसे आहात विचारायचं सोडून, "सात ना?" आणि पेशंटही म्हणायचा, "सात, सात."

दुसरं वेड आवणीचं. आवणी म्हणजे आमच्याकडची भाताची लावणी. साखरशेतला त्याने एक घर धरून ठेवलं होतं. पावसाळ्यात रविवारी तिथे जाऊन चिखलात उतरायचा. त्याची ओळ कधी सरळ आली नाही. बाया तोंडाला पदर लावून हसायच्या आणि तो गेला की त्याची रोपं उपटून पुन्हा लावायच्या. हे त्याला माहीत होतं. तरी जायचा. "बाई, चला तुम्हीपण. बोटांना सवय होते," म्हणायचा. मी कशाला जाते! मी म्हटलं, "आमच्या घरात चिखलात कुणी उतरलेलं नाही, डॉक्टर." यावर तो म्हणाला, "अरेरे." टोमणा नाही, चेष्टा नाही, खरंच वाईट वाटल्यासारखं. असा माणूस डोक्यात जाणार नाही तर काय होईल?

आता जानकीचं सांगते. ते सांगायचं म्हणूनच लिहायला बसले आहे.

जानकी सूर्यमाळच्या एका पाड्यावरची, तिशीची. मे महिना होता. तिच्या दिराचं लग्न होतं, म्हणून भिंतींना सफेदी लावायची होती. पत्र्याच्या डब्यात चुन्याची कळी टाकून ती पाणी घालत होती. कळी विरताना उकळते हे तिला माहीत होतं, पण पाणी कमी होतं म्हणून तिने थोडं थोडं घातलं, आणि डबा फसफसून उडाला. उजवा डोळा भरला. डोळ्यात चुना गेला की पाणी ओतायचं, अर्धा तास, तासभर, थांबायचं नाही. पण सूर्यमाळला मे महिन्यात पाणी कुठलं? टँकरचं पिंप भरलेलं होतं, पण ते लग्नाच्या पाहुण्यांचं. सासूने एक तांब्या ओतला. मग डोळ्यात खोबरेल सोडलं आणि वर फडकं बांधलं. जीप मिळून इथे यायला दुपार झाली.

आणि त्या दिवशी हा मुंबईला, समितीकडे. जाताना माझ्या टेबलावर पट्ट्यांची डबी ठेवून गेला होता. खाली चिठ्ठी: 'बाई, धुतल्यावर लावून बघा. सात.' ती चिठ्ठी वाचून माझं टाळकंच सरकलं. हा जन्माला आला नसेल तेव्हा... नाही, आला होता, पण शाळेत असेल, तेव्हापासून मी डोळे धुते आहे. कागदाच्या कपट्याने मला शिकवायचं? मी डबी खणात टाकली आणि खण ढकलून दिला.

जानकीचा डोळा मीच धुतला. घड्याळ लावून अर्धा तास. दोन बाटल्या सलाइन ओतलं. खालच्या पापणीतला चुना कापसाने टिपला. वरची पापणी एकदा उलटी केली. ती ओरडत होती, मान झटकत होती, नवरा तिचे हात धरून रडत होता. वरच्या पापणीच्या मागे, अगदी खोल, आणखी एक घडी असते. पापणी दुसऱ्यांदा उलटवल्याशिवाय ती दिसत नाही. ती बघायची असते हे मला माहीत होतं. मी बघितली नाही. बाईला किती त्रास द्यायचा, असं मी स्वतःला सांगितलं. पट्टी लावली असती तर निळी झाली असती आणि मला बघावंच लागलं असतं. पण पट्टी खणात होती. मी औषध घातलं, पॅड बांधलं, नवऱ्याला म्हटलं, "स्वच्छ झालाय. काळजी नको."

दुसऱ्या दिवशी सकाळी हा बसमधून उतरला तो पिशवीसकट वॉर्डात. पॅड काढलं, पट्टी टेकवली. ती शाईसारखी निळी झाली. त्याने माझ्याकडे बघितलं नाही. "बाई, जरा मान धरता?" म्हणाला. मग पापणी दोनदा उलटवली आणि आतल्या घडीतून कापसाच्या काडीने पांढरा लगदा बाहेर काढला. त्यात नागलीच्या दाण्याएवढे तीन कण. ते आदल्या दुपारपासून तिथेच बसून होते. बुबुळ दुधी काचेसारखं झालं होतं. मग तो धूत राहिला. मी बाटल्या बदलत राहिले. दर थोड्या वेळाने पट्टी, निळी, पुन्हा पाणी. शेवटी हिरवट आली तेव्हा माझ्या हातांना मुंग्या आल्या होत्या.

बाहेर नवऱ्याने विचारलं, "काल तं साफ झाला बोलल्या ना?"

मी भिंतीकडे बघत होते. हा म्हणाला, "चुना चिवट असतो. लपून बसतो."

बस्स, एवढंच. कुणी धुतला ते नाही, कुणाचं चुकलं ते नाही. मला वाटलं, आता खोलीत बोलावून झाडेल. दिवसभर मी त्या झाडण्याची तयारी करत होते. काय उत्तरं द्यायची तीसुद्धा जुळवली होती. त्याने बोलावलंच नाही. ती शेवटची हिरवट पट्टी त्याने केसपेपरला चिकटवली आणि म्हणाला, "इथे सही करा, बाई. धुतलं आपण दोघांनी." तो रागावला असता तर मी त्याला केव्हाच माफ केलं असतं.

माझ्या मनाला जी टोचणी लागली होती ती मी बाहेर काढली ती अशी. दोनतीन दिवसांनी चहा पिताना मी तावातावाने म्हणाले, "या लोकांची कमाल आहे. पाहुण्यांसाठी पिंप भरून ठेवतात आणि डोळ्याला एक तांब्या. एक हंडा डोळ्यासाठी भरून बाजूला ठेवला असता तर ही वेळ आली नसती!" म्हणजे चूक त्यांची. माझी नव्हे. मी तेच म्हणत होते, आणि ते मला कळतही होतं.

त्याने कप खाली ठेवला. विसरू नये असं काही ऐकलं की तळहातावर लिहायची त्याला खोड होती. सिस्टरचं पेन घेऊन त्याने तळहातावर लिहिलं: हंडा. "बाई, हे फार चांगलं सांगितलंत," म्हणाला. मला वाटलं, चेष्टा करतोय.

पुढच्या रविवारपासून तो पाड्यापाड्यावर जायला लागला. सूर्यमाळकडचे पाडे, खोडाळ्याच्या आजूबाजूचे, मोखाड्याच्या अंगाचे. दर पाड्यावर एका घरात एक हंडा, कायम भरलेला, फक्त डोळ्यासाठी. आठवड्याने पाणी बदलायचं, जुनं कोंबड्यांना किंवा वेलाला. जिथे एका हंड्यासाठी बाया दरी उतरतात, तिथे भर उन्हाळ्यात एक हंडा न पिता ठेवायला सांगायचा. मी म्हटलं, चार दिवस ठेवतील. मला तो बोलवायचा, "बाई, चला की, कल्पना तुमची आहे." मी दर रविवारी काहीतरी काम काढायची. माझ्या तोंडून रागात निघालेलं वाक्य घेऊन तो मिरवायला निघालाय असं मला वाटायचं, आणि ते मला बघवलं नसतं.

जानकीचा डोळा मात्र त्याने सोडला नाही. आधी त्यावर पदर शिवला. एका अनोळखी बाळाचा पदर. ते बाळ तेव्हा शेजारच्या वॉर्डात दूध पीत होतं. मग तिच्याच रक्ताचे थेंब सुरू केले. रक्त काढायचं, गोठू द्यायचं, यंत्रात फिरवायचं, वर येणारं पिवळसर पाणी वेगळं करून सलाइनमध्ये पातळ करायचं आणि तेच डोळ्यात घालायचं. ते काम माझं. त्या बाटल्या थंड राहायला हव्यात, म्हणून खोडाळ्याच्या बाजारातल्या एका कोल्ड्रिंकवाल्याच्या फ्रीझरमध्ये याने जागा मिळवली. वर लेबल: 'जानकीचे औषध. पिऊ नये.' रोज एक कुपी बर्फाच्या थर्मासमध्ये घालून प्रवासी जीपवाला वर नेऊन द्यायचा. तेही फुकट. मी सांगितलं असतं तर नेली असती का त्याने? मला नाही वाटत.

जखम निवली, पण बुबुळावर पांढरा पडदा चढला. जानकीला उजेड-अंधार कळे, बाकी काही नाही. बुबुळाच्या कडेला, जिथे काळं संपून पांढरं सुरू होतं, तिथे नव्या पेशींचं बी असतं. चुन्याने तेच जाळून टाकलं होतं. आता एकच उपाय होता, आणि त्याची खात्री कुणी देत नव्हतं. चांगल्या डोळ्याच्या कडेचा तांदळाच्या कणीएवढा तुकडा काढायचा, त्याचे दहाएक बारीक भाग करायचे आणि वारेच्या पदरावर ते एकेक करून मांडायचे. धरले तर पसरतात आणि बुबुळ पुन्हा स्वच्छ होतं.

त्यासाठी जानकीच्या चांगल्या डोळ्याला सुरी लावायची होती. तिला दिसत होतं ते त्या एका डोळ्याने. तो गेला तर शेत, चूल, लेकरं, सगळंच गेलं. हा तिच्यासमोर जमिनीवर मांडी घालून बसला. याची अशी रीत होती की परवानगीचा कागद तो वाचून दाखवायचा आणि मग पेशंटला म्हणायचा, आता तुम्ही मला सांगा मी काय करणार आहे. नीट सांगता आलं नाही तर अंगठा घ्यायचा नाही. एकाला त्याने तीनदा परत पाठवलं होतं.

जानकी म्हणाली, "चांगले डोल्यातलां रोप काढाचां. वायट डोल्यात आवनी कराची. जगला तं जगला."

"आणि नाही जगलं तर?"

"तं एकच डोला. आता पन एकच हाय."

"आणि चांगल्या डोळ्याला काही झालं तर?"

तिने त्याच्या बोटांकडे बघितलं. मग म्हणाली, "तुमची वल वाकडी येते असां बाया सांगतात. डोल्यात नीट लावा."

त्याने कागद पुढे केला. मी तिच्या अंगठ्याला शाई लावली. हे सगळं त्या एका खणामुळे चाललं होतं आणि ते माहीत असलेली माणसं त्या खोलीत दोनच होती.

भाताची कापणी उरकल्यावर ऑपरेशन झालं. मी शेजारी उभी. त्याची बोटं बघत होते. शेतात ज्याची ओळ वाकडी जायची त्याने ते दहा कण असे मांडले की मला रडू आलं, आणि ते आनंदाचं नव्हतं. माझी बोटं तशी झाली असती का? थोडे मार्क जास्त पडले असते तर? मी चिमट्यावर चिमटे देत राहिले.

दर महिन्याला तो तिची नजर तपासायचा. भिंतीवरचा तक्ता त्याला आवडायचा नाही. तळहातावर दाणे घेऊन समोर धरायचा. तांदूळ, नागली, वरई, उडीद. तिसऱ्या महिन्यात तिने उडीद ओळखला. सहाव्या महिन्यात तांदळातून नागली वेगळी सांगितली. मग ती त्याच्याकडे एकटक बघून म्हणाली, "डाक्टर, तुमचा नाक केवडा!" सगळा वॉर्ड हसला. त्याने नाकाला पट्टी लावून आकडा सांगितला. मी त्याच्या शेजारीच उभी होते. वर्षभर तिचे थेंब मी बनवले होते, दर तपासणीला पापणी मी धरली होती. पण नवीन डोळ्याने तिने पहिलं बघितलं ते त्याचं नाक.

डोळा पूर्ण आला नाही, हेही सांगायला हवं. तिला उन्हाचा त्रास होतो, बारीक सुई दिसत नाही. चांगल्या डोळ्याला काही झालं नाही. आणि तिच्यानंतर ज्या तिघांवर त्याने हे केलं त्यांतल्या एकाचं धरलंच नाही. तेही तो समितीला लिहायचा आणि पुढच्या पेशंटला आधी तेच सांगायचा. लोक तरी अंगठा द्यायचे.

मग त्याची मुदत संपली आणि तो दूर मेळघाटाकडे गेला. निरोपाला चार तालुक्यांतून माणसं आली होती. मी हारतुऱ्याचं सामान आणायला गेले ती मुद्दाम उशिरा परतले. टेबलावर पट्ट्यांची डबी होती. चिठ्ठी नव्हती. गेल्यावर त्याने दोनदा फोन केला. मी कामात आहे म्हणून सांगायला लावलं.

या मे महिन्यात नवीन डॉक्टरीणबाईंनी मला पाड्यांवर डोळे तपासायला पाठवलं. सूर्यमाळच्या पलीकडच्या एका पाड्यावर मी पहिल्यांदाच जात होते. जीप खालीच थांबली. चढून वर गेले तेव्हा जीभ टाळूला चिकटली होती. पहिल्याच घरात शिरले. एक म्हातारी बसली होती. कोपऱ्यात हंडा, वर स्वच्छ फडकं. हंड्यावर तांदळाच्या पिठाने दोन गोल काढलेले. असे गोल मी येताना आणखी एका घरात बघितले होते. म्हटलं, डोळे काढलेत. त्याचा हंडा इथेही आहे. तो जाऊन इतकी वर्षं झाली तरी हे लोक भर उन्हाळ्यात पाणी न पिता ठेवतात. तोच जुना हेवा पुन्हा वाटला.

"आजी, पाणी द्या थोडं," मी म्हटलं.

"सून गेलीय झिऱ्यावर. येल आता. तवर करवंदां खा." तिने पानावर करवंदं ठेवली.

"त्या हंड्यात आहे ना?"

"तां नाय प्याचां." तिचा आवाजच बदलला. "तो बायचा हंडा हाय."

"डॉक्टरांचा ना?"

"नाय, बायचा. चष्म्याचे बायचा." तिने हंड्याकडे बोट केलं. "तो काय, काढलाय ना चष्मा."

मी नीट बघितलं. दोन गोलांच्या मध्ये एक छोटी रेघ होती. आणि दोन्ही बाजूंना दोन काड्या.

"डाक्टर सांगून गेला," म्हातारी पुढे सांगू लागली. ती ही गोष्ट पुष्कळ वेळा सांगत असावी. कुठेही अडत नव्हती. "जव्हारला चष्म्याची बाय हाय. एकदा डाक्टरानं एका बायकोचा डोला धुतला. घाई केली त्यानं. चुना आत रायला, रातभर. डाक्टर बोलला, माजी चूक. सकाली बाय आली, तिनं पापनी उलटी केली, सगला काढला. बाय बोलली, डोल्याला तांब्या नाय, हंडा लागते. म्हनून हा हंडा. दोन सालांमागं आमचे नातवाचे डोल्यात तंबाखूचा चुना उडला. हाच पानी ओतला. काय नाय झाला त्याला."

माझ्या तोंडात करवंद होतं. ते मी काढून पानावर ठेवलं.

"आजी," मी म्हटलं, "ती चष्म्याची बाई मीच."

तिने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि हात जोडले. मी ते धरून खाली केले. इतकी वर्षं जे कुणाला सांगितलं नव्हतं ते त्या करवंदांच्या पानासमोर बसून सांगितलं. म्हटलं, गोष्ट उलटी आहे. घाई मी केली. चुना माझ्याकडून राहिला. सकाळी येऊन काढला तो डॉक्टरांनी. सांगताना मला हुंदका आला.

म्हातारीने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग ती हसली, तोंडातले उरलेले दोन दात दाखवत.

"डाक्टर बोलला होता," ती म्हणाली, "बाय कदी आली तं सोताला कमी सांगेल. ऐकाचां नाय तिचां."

मी म्हटलं, "अहो, पण हे खरं आहे."

"असूं दे, असूं दे," म्हणत तिने माझ्या पाठीवरून हात फिरवला.

म्हणजे माझी चूकसुद्धा त्याने नेली. एवढी एकच गोष्ट खास माझी होती, तीही मिरवतोय पाड्यापाड्यावर. आणि बदल्यात मला काय, तर पिठाचा चष्मा. जीपपाशी खाली रेंज असेल, तिथून फोन लावायचा आणि त्याला चांगलं फैलावर घ्यायचं असं मी ठरवलं. नंबर मला पाठ होता.

पण आधी पाणी हवं होतं. सुनेचा अजून पत्ता नव्हता आणि घसा पार सुकला होता. मी पुन्हा एकदा हंड्याकडे बघितलं. म्हातारीने ते हेरलं. ती हळूच उठली, पदर सावरला, आणि माझ्या आणि हंड्याच्या मध्ये येऊन बसली.